तेजोमहालय आणि आमचे पत्रक

ताजमहाल हे मुळात ‘तेजोमहालय’ नावाचे शिवमंदिर होते, असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. हा शोध पु. ना. ओक यांचा. आधी त्यांनी ताजला राजपूत राजवाडा म्हटले, पुढे शिवमंदिर. राजवाड्याचे देऊळ झाले, पण ‘शहाजहानने बांधले नाही’ हा निष्कर्ष तसूभर हलला नाही!

ताजची जमीन आंबेरच्या राजा जयसिंहाची होती, असे ‘बादशाहनामा’ सांगतो. ओकांना हा पुरावा पटला. त्याच ग्रंथात पाया खणल्याचा नि खर्चाचा तपशील आहे; तो मात्र खोटा! साक्षीदार एका पानावर सत्यवचनी आणि दुसऱ्या पानावर लबाड. कोणते न्यायालय हे ऐकेल? २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ओकांची याचिका फेटाळली. ताज ही कबरच आहे, असे पुरातत्त्व खात्याने २०१७ मध्ये आग्र्याच्या न्यायालयात सांगितले. मग बंद खोल्यांत मूर्ती असल्याचा तर्क निघाला. २२ खोल्या उघडण्याची मागणीही २०२२ मध्ये उच्च आणि सर्वोच्च, दोन्ही न्यायालयांनी फेटाळली. खोल्या रिकाम्या निघाल्या असत्या, तर मूर्ती हलवल्या असे म्हणायला मनुवादी मोकळेच होते. व्हॅटिकनला ‘वाटिका’ करणाऱ्यांना काय अवघड?

हसणे सोपे आहे. परवा आमचाच एक तरुण कार्यकर्ता पत्रकाचा मसुदा घेऊन आला. गावाचे नाव एका पाली शब्दासारखे वाटते, म्हणून तेथील देवळाखाली स्तूप आहे, असा दावा. आम्ही विचारले, “वीट, शिलालेख, काही आहे का?”

“वकीलसाहेब, सगळे ब्राह्मणांनी नष्ट केले. म्हणूनच काही सापडत नाही.”

म्हणजे पुरावा नाही, हाच पुरावा! कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. लेण्याद्रीचा गणपती बसला आहे तो बौद्ध विहारात. तेथे शब्दांची ओढाताण करावी लागत नाही. आर्यांनी बाहेरून येऊन शूद्रांना जिंकले, ही मांडणी आपल्यातल्या अनेकांना सोयीची वाटते. बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात ती वेदांतलेच दाखले तपासून नाकारली.

१९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याविरुद्ध आपली लढाई चालू आहे. तेथे आपली बाजू भक्कम आहे. पण विरोधी वकिलाने हे पत्रक न्यायाधीशांपुढे वाचून दाखवले, तर खऱ्या शिलालेखांकडेही संशयानेच पाहिले जाईल. हे आम्ही त्या कार्यकर्त्याला समजावले. तो म्हणाला, “साहेब, दोन हजार प्रती छापून झाल्यात.”