काचबिंदू : डोळ्यातला दाब आणि डोळ्याची नस



या पानावर आम्ही नेहमी लागण-खोडव्याविषयी लिहितो. या वेळी विषय डोळ्यांचा आहे. ऊस नोंदीसाठी फिरताना एक वयस्क सभासद भेटले. म्हणाले, “साहेब, काचबिंदूचे थेंब टाकून नजर काही वाढली नाही, म्हणून दिले सोडून.” आम्ही डॉक्टर नव्हे, पण हे थेंब नजर वाढविण्यासाठी नसतातच, एवढे सर्वांना कळावे म्हणून हा खटाटोप.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. हे अश्रू नव्हेत. ते बाहुलीतून पुढे येते आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरून रक्तात जाते. आवक-जावक सारखी असली की दाब बेताचा राहतो. सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर. निचरा अडला की दाब चढतो. पाट चालू आणि चर बुजलेला, तशी ही गत.

आता नस पाहू. मागच्या पडद्यावरून सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतू एकत्र येऊन ही नस बनते. डोळ्याबाहेर पडताना हे तंतू एका चाळणीच्या भोकांतून जातात. डोळ्याच्या भिंतीतली नाजूक जागा हीच. दाबाने चाळणी मागे ढकलली जाते, तंतू दबतात, त्यांचे रक्त व पोषण अडते आणि ते हळूहळू मरतात. पाणथळ रानात मुळ्या कुजतात तसेच हे. पान पिवळे दिसेपर्यंत खाली बरेच नुकसान झालेले असते. येथेही बहुधा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचे दिसत राहते. आणि मेलेल्या तंतूला खोडव्यासारखा फुटवा येत नाही.

दाब दिवसभर एकसारखा नसतो. पुष्कळांचा पहाटे-सकाळी जास्त असतो, आणि काचबिंदूत हा चढउतार मोठा असतो. म्हणून शिबिरात एकदा दाब बरा निघाला, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. शिवाय काहींची नस २१ च्या आतल्या दाबानेही बिघडते. यासाठी दाबाबरोबर नस आणि कडेची नजरही तपासावी लागते.

थेंबांचे काम दाब उतरवून उरलेली नस राखणे. स्वीडनमधील रुग्णांच्या अभ्यासात (निष्कर्ष २००३) दाब दर १ मिलिमीटर उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले.

तेव्हा एवढे करावे :

१) चाळिशीनंतर डोळे तपासावेत. आई-वडील वा भावंडांना काचबिंदू असेल तर टाळाटाळ नकोच.

२) तोडणीच्या गडबडीतही थेंब चुकवू नयेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

३) पाचट लागून डोळा लाल झाला तर दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल तर दाब वाढू शकतो.

४) डोळा एकाएकी ठणकला, लाल झाला, दिव्याभोवती कडे दिसले, उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या सभासदांना आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे जाण्यास विनविले आहे. गेलेली नजर परत येणार नाही. पण राहिलेली राखता येईल.