लोकवर्गणीतून उभे राहिलेले खेळ

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणीच पाठ केलेली असते. परंतु तळे साचल्यावर त्याचे पाणी गोड निघेल की मचूळ, याविषयी ती म्हण काहीच सांगत नाही. पुष्कळांनी थोडे थोडे द्रव्य दिले म्हणजे मोठे कार्य उभे राहते, हे खरे. पण द्रव्य अधिक जमले म्हणून कार्यही अधिक चांगले होते काय? या प्रश्नाचा विचार करण्यास एक नवे आणि विद्यार्थ्यांच्या आवडीचे क्षेत्र सोयीचे आहे. ते म्हणजे लोकवर्गणीतून तयार झालेले व्हिडिओ गेम. वाशीपासून पनवेलपर्यंत ज्या घरात मुले आहेत, त्या घरात या खेळांवरून थोडाबहुत वाद होतच असतो. तेव्हा हा विषय मुलांस गोड आणि पालकांस अगदीच अनोळखी वाटणार नाही, अशी आशा आहे.

वर्गणीची कल्पना आपणांस नवी नाही. कै. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी ‘पैसा फंड’ काढला. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमविण्यास चौसष्ट माणसांची दारे ठोठवावी लागत. लोकमान्य टिळकांनी या उपक्रमास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. पनवेलहून कर्जत, लोणावळामार्गे पुण्यास आगगाडीने जाणाऱ्यांना हे तळेगाव वाटेतच लागते. कारखान्यात नुसती काच झाली नाही; काचकामाचे शिक्षणही दिले गेले, आणि येथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे इतरत्र हा धंदा नेला. ग्रंथव्यवहारातही हीच रीत आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध केले, ते भागभांडवल आणि आगाऊ वर्गणीदार यांच्या बळावर. आजही मराठी प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर करतात. ग्रंथ अजून छापखान्यात असतो, आणि वाचक केवळ विश्वासावर पैसे पाठवितो.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत घडले ते याहून फारसे निराळे नाही. फक्त दारोदार फिरण्याचे काम इंटरनेटने केले. अमेरिकेत २००९ साली ‘किकस्टार्टर’ नावाची व्यवस्था निघाली. तिचा नियम साधा पण कठोर आहे. मागणाऱ्याने रक्कम आणि मुदत आधी जाहीर करावयाची. मुदतीत पूर्ण रक्कम कबूल झाली, तरच ती वर्गणीदारांकडून वसूल होते. एक डॉलर जरी कमी पडला, तरी मागणाऱ्यास काहीही मिळत नाही. वर्गणीदारास बहुधा तयार झालेला खेळ मिळतो, अधिक देणाऱ्यास नकाशा, पुस्तक किंवा खेळात आपले नाव मिळते. मात्र तो भागीदार होत नाही, आणि ज्याला आपण दुकानातील खरेदी म्हणतो, तशीही ही खरेदी नव्हे.

या व्यवस्थेचा सर्वांत ठळक उपयोग भूमिकाप्रधान खेळांनी करून घेतला. हा प्रकार कोणता, हे पालकांसाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नाटकात नटाने काय बोलावे हे नाटककाराने आधीच ठरविलेले असते. भूमिकाप्रधान खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो खरा, पण काय बोलावे, कोणास वाचवावे, कोणाशी वैर धरावे, हे तो स्वतः ठरवितो, आणि कथा त्याच्या निर्णयाप्रमाणे वळण घेते. अशा खेळात संवादांची पानेच्या पाने लिहावी लागतात, म्हणून श्रम आणि खर्च फार. १९९० च्या सुमारास या खेळांची चलती होती. पुढे मोठ्या प्रकाशकांनी, हा माल जुना झाला, याला गिऱ्हाईक नाही, असे म्हणून हात आखडता घेतला. तेव्हा निर्मात्यांनी प्रकाशकाचे दार सोडले आणि ते थेट खेळाडूंकडे गेले.

पहिले मोठे उदाहरण ‘वेस्टलँड २’ या खेळाचे. ‘वेस्टलँड’ हा मूळ खेळ १९८८ सालचा. त्याचा दुसरा भाग काढण्यासाठी इनएक्झाइल या अमेरिकन मंडळीने २०१२ साली ९ लाख डॉलर मागितले. ६१,२९० लोकांनी मिळून २९,३३,२५२ डॉलर दिले. त्याच वर्षी ऑब्सिडियन या संस्थेने ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या खेळासाठी ११ लाख मागितले; ७३,९८६ वर्गणीदारांनी ३९,८६,९२९ डॉलर दिले. २०१३ साली इनएक्झाइलने पुन्हा ‘टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’ यासाठी ९ लाखांची मागणी केली. ती अवघ्या सहा तासांत पुरी झाली, आणि अखेरीस ७४,४०५ लोकांचे ४१,८८,९२७ डॉलर जमले. याच सुमारास बेल्जममधील लॅरियन या संस्थेने ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’साठी ४ लाख मागितले. तिला १९,५४१ लोकांकडून ९,४४,२८२ डॉलर मिळाले. म्हणजे ‘टॉर्मेंट’ची रक्कम लॅरियनच्या रकमेच्या चौपटीहून अधिक होती.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी येथे एक भागाकार करून पाहावा. प्रत्येक रकमेस वर्गणीदारांच्या संख्येने भागले, तर माणशी सरासरी ‘वेस्टलँड २’मध्ये सुमारे ४८, ‘पिलर्स’मध्ये ५४, ‘टॉर्मेंट’मध्ये ५६ आणि ‘ओरिजिनल सिन’मध्ये ४८ डॉलर येते. खेळागणिक एकूण रकमेत एवढे अंतर, पण माणशी रकमेत किती थोडे! यावरून असे दिसते, की ज्याला अधिक द्रव्य मिळाले त्याला कोणी धनाढ्य दाते भेटले नव्हते; त्याला माणसे अधिक भेटली होती. पैसा फंडाचे तत्त्वही हेच होते.

आता या खेळांचे स्वागत कसे झाले ते पाहू. निरनिराळ्या समीक्षकांनी दिलेल्या गुणांची शंभरापैकी सरासरी काढणारी ‘मेटाक्रिटिक’ नावाची व्यवस्था आहे. तिच्या हिशेबाने संगणकावरील आवृत्तीस ‘वेस्टलँड २’ (प्रकाशन २०१४) याला सुमारे ८१, ‘ओरिजिनल सिन’ (२०१४) याला ८७, ‘पिलर्स’ (२०१५) याला ८९ आणि ‘टॉर्मेंट’ (२०१७) याला सुमारे ८१ गुण मिळाले. वर्गणीत सर्वांत मागे असलेला खेळ गुणांत दुसरा आला, आणि वर्गणीत पहिला आलेला खेळ ‘वेस्टलँड २’च्या बरोबरीने शेवटी राहिला. शिवाय ‘टॉर्मेंट’ची विक्रीही निर्मात्यांच्या अपेक्षेहून कमी झाली.

असे का व्हावे? याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे, की वर्गणी ही मुख्यतः आठवणीला मिळते, आणि गुण मात्र समोर असलेल्या कृतीला मिळतात. ‘टॉर्मेंट’ या नावाशी १९९९ सालच्या एका अत्यंत प्रिय खेळाची स्मृती जोडलेली होती. लोकांनी सहा तासांत पैसे दिले ते त्या स्मृतीपोटी. वडिलांच्या लौकिकावर मुलास पेढीवर उधारी मिळते. परीक्षेत मात्र त्याला स्वतःचाच पेपर लिहावा लागतो.

दुसरे कारण वचनांचे. रक्कम मागणीपेक्षा वाढू लागली, की निर्माते नवी नवी आश्वासने देऊ लागतात: इतके झाले तर नवे नगर, तितके झाले तर नवा सोबती. ऑब्सिडियनने पंधरा मजल्यांचे भुयार कबूल केले होते, आणि ते बांधून दिले. ‘टॉर्मेंट’मध्ये मात्र कबूल केलेले काही सोबती वगळले गेले आणि इटालियन भाषेतील आवृत्ती रद्द झाली. हे प्रकाशनाच्या सुमारास उघड झाल्यामुळे वर्गणीदार रागावले. खेळ मुळात वाईट नव्हता. पण दिलेले वचन मोडले की चांगल्या वस्तूलाही उणेपणा येतो. मुदतीची कथाही तीच. यांपैकी अनेक खेळ सांगितलेल्या वेळेहून उशिरा आले. ‘टॉर्मेंट’ तर २०१४ च्या अखेरीस यावयाचा, तो २०१७ च्या फेब्रुवारीत आला.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. लॅरियनने वर्गणीदाराकडे केवळ पैसे मागितले नाहीत, त्याचे मतही मागितले. २०१४ च्या आरंभीच तिने आपला अपुरा खेळ खेळाडूंच्या हाती दिला, त्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि त्याप्रमाणे दुरुस्त्या केल्या. खर्चाचा मोठा भाग संस्थेने स्वतः उचलला होता. वर्गणी ही त्यात भर होती. पुढे २०१५ साली दुसऱ्या भागासाठी तिने ५ लाख मागितले, तेव्हा ४२,७१३ लोकांनी २०,३२,४३४ डॉलर दिले, आणि २०१७ साली आलेल्या त्या खेळास ९३ गुण मिळाले. याच संस्थेचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ सालचा खेळ वर्गणीवाचून निघाला आणि त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. लोकांनी पहिल्यांदा दिलेले बी तिने खाऊन टाकले नाही, पेरले.

वर्गणीचा आणखी एक उपयोग चेक देशातील ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या खेळाने दाखविला. त्याच्यामागे एक धनिक उभा होता, परंतु अशा खेळाची लोकांस इच्छा आहे याचा त्याला पुरावा हवा होता. २०१४ साली ३ लाख पौंड मागितले असता ३५,३८४ लोकांनी ११,०६,३७१ पौंड दिले. येथे वर्गणी म्हणजे भांडवल कमी आणि साक्ष अधिक. २०१८ साली खेळ आला तेव्हा त्यात दोष पुष्कळ होते आणि गुण ७६ च मिळाले. तरी खेळाडूंनी तो मोठ्या संख्येने विकत घेतला. समीक्षकांची पसंती आणि लोकांची पसंती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या घराजवळ येऊ. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ करावयास घेतला. हा भूमिकाप्रधान नव्हे, साहसप्रधान खेळ आहे. आपल्या धाकट्या भावाला असुरांच्या हातून सोडविण्यास निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही कथा. तीत दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, राजस्थानी वास्तू दिसतात आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या रीतीने पुढे सरकतो. २०१७ साली या मंडळींनी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली. ती ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. वर सांगितलेल्या कठोर नियमाप्रमाणे, जे कबूल झाले होते तेही हाती आले नाही. त्यांच्याजवळ जुन्या लौकिकाची पुंजी नव्हती. जगाने त्यांचे नाव पूर्वी ऐकले नव्हते. तरी त्यांनी काम सोडले नाही. संस्थापकांपैकी एकीने आपली सदनिका विकली. पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्यातील चित्रे आणि संगीत यांची वाखाणणी केली; लढाईचा भाग आणि लहान लांबी यांस नावे ठेवली. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक समारंभात उत्कृष्ट पहिल्या कृतीच्या पारितोषिकासाठी ज्या पाच खेळांची निवड झाली, त्यांत ‘राजी’ होता. पारितोषिक दुसऱ्यास गेले. पण ज्या कृतीस वर्गणी मिळाली नव्हती, ती जगाच्या पंक्तीस बसली. वर्गणी न मिळणे म्हणजे गुण नसणे नव्हे, हे यावरून विद्यार्थ्यांनी ओळखावे.

पालकांस एकच सूचना करावीशी वाटते. मुलाने अशा वर्गणीसाठी पैसे मागितले, तर एकदम रागावू नये, आणि एकदम देऊही नयेत. त्याच्याबरोबर बसून तीन प्रश्न विचारावेत. मागणाऱ्याने आजपर्यंत काही पुरे करून दाखविले आहे काय? त्याची वचने त्याच्या शक्तीच्या आत आहेत काय? आणि झालेल्या कामाची हकीकत तो वेळोवेळी कळवितो काय? उत्तरे समाधानकारक असली, तरीही हे पैसे परत न येण्याचा संभव आहे, असे समजूनच द्यावेत. मुलानेही आईवडिलांचे कार्ड त्यांना न विचारता वापरू नये. ज्या विश्वासावर ही सारी व्यवस्था उभी आहे, तो मोडण्याची सुरुवात घरातच झाली, तर बाहेरच्यांस दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आपल्या शाळेतही स्नेहसंमेलनासाठी, सहलीसाठी, एखाद्या गरजू सोबत्याच्या पुस्तकांसाठी वर्गणी जमविली जाते. शुभवर्तमानातील गरीब विधवेने भांडारात टाकलेल्या दोन टोल्यांची गोष्ट आपण ऐकलेली आहे. देणाऱ्याचे मोठेपण रकमेवर नसते, हा तिचा बोध. त्याला जोडून घेणाऱ्यासाठीही एक बोध आहे. एखाद्याने दिलेली रक्कम लहान असली, म्हणून तिच्यासंबंधीची जबाबदारी लहान होत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या हाती वर्गाची वर्गणी येईल, त्याने पै न् पैचा हिशेब फलकावर लावावा, बोललेले करून दाखवावे, आणि जे साधणार नाही ते आधीच सांगावे. असे वागणाऱ्यास पुढच्या वर्षी वर्गणी मागण्यासाठी दारोदार फिरावे लागणार नाही.