ल माँची विजेती, तळहातावर

मूळ गाडी : पोर्शे ९१७के, क्रमांक २३, लाल अंगावर पांढरे पट्टे. १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी फ्रान्समधील २४ तासांची ल माँ शर्यत हिच्यातून जिंकली. एकूण क्रमवारीत पोर्शेचं तिथलं हे पहिलंच विजेतेपद.

मॉडेलचं प्रमाण : १:४३. चार मीटरहून लांब गाडी जेमतेम दहा सेंटिमीटरची होते.

घडण : सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओततात. कडा रेखीव उतरतात, पण साचा लवकर झिजतो. म्हणून आवृत्त्या मर्यादित.

फरक : धातूच्या डाय-कास्ट मॉडेलची दारं अनेकदा उघडतात, रेझिनची सहसा नाहीत.

जपणूक : काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवावी. उन्हाने रंग विटतो.