जुना विमा, नवा विमा आणि मधले दिवस

आयुर्विम्याची पॉलिसी बदलणे म्हणजे घर बदलणे, अशी पुष्कळांची समजूत असते. एका दारातून बाहेर पडावे, दुसऱ्या दारातून आत शिरावे, एवढाच काय तो प्रश्न! परंतु घर बदलताना मधली एखादी रात्र धर्मशाळेत काढता येते. विमा बदलताना अशी धर्मशाळा नाही. त्या मधल्या दिवसांत विमेदार दगावला, तर जुनी कचेरी म्हणणार, ‘आमचा संबंध संपला,’ आणि नवी म्हणणार, ‘आमचा अजून सुरू झालेला नाही.’ कागदपत्रांच्या दिरंगाईचा विचार करावयाचा तो यासाठी. ती केवळ मनस्तापाची बाब नव्हे. तिच्यात कुटुंबाचे पोट गुंतलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्याकडे आयुर्विम्याची अदलाबदल असा एकच व्यवहार नाही. आरोग्यविमा एका कंपनीतून दुसरीत नेण्याची सोय २०११ पासून झाली. आयुर्विम्याला ती लागू नाही. येथे दोन वेगळे व्यवहार करावे लागतात : जुनी पॉलिसी सरेंडर करणे आणि नवीसाठी नव्याने अर्ज करणे. अमेरिकेत मात्र १९५४ च्या करसंहितेतील १०३५ व्या कलमाने खरीखुरी अदलाबदल करता येते, आणि जुन्या पॉलिसीतील वाढीवर त्या वेळी कर पडत नाही. अट अशी की, विमा त्याच व्यक्तीच्या आयुष्याचा असावा आणि रक्कम विमेदाराच्या हाती न येता थेट नव्या कंपनीकडे जावी. म्हणून तेथे विमेदार जुन्या पॉलिसीचा हक्क नव्या कंपनीला लिहून देतो. नवी कंपनी जुनीकडे रक्कम मागते. जुनी कंपनी सही, मालकी, कर्ज आणि भरलेल्या हप्त्यांचा हिशेब तपासून ती पाठवते. कायदा सोयीचा खरा. पण कागद दोन कचेऱ्यांतून फिरतो, आणि एक रकाना कोरा राहिला तरी परत येतो. तात्पर्य, अदलाबदलीचा कायदा असला तरी दिरंगाई टळतेच असे नाही.

ही दिरंगाई होते कशामुळे? कारकुनाचा आळस हे एक कारण असेल. परंतु सारा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पॉलिसी सरेंडर झाली की वारसांचा हक्क कायमचा संपतो. पैसे भलत्याच्या हाती गेले, तर कंपनीला ते खऱ्या हक्कदाराला पुन्हा द्यावे लागण्याचा धोका असतो. म्हणून वीस वर्षांपूर्वीची सही आजच्या सहीशी ताडून पाहिली जाते. मूळ पॉलिसी हरवली असेल तर नुकसानभरपाईचा बाँड मागतात. लग्नानंतर नाव बदलले असेल, बँकेच्या पासबुकात एक आद्याक्षर कमी असेल, तर पुरावा मागतात. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेच्या नावे करून दिली असेल, तर कर्ज फिटले तरी बँकेने ती परत आपल्या नावे करून दिल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. आणि १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली ती काढलेली असेल, तर ती बायकामुलांची विश्वस्त ठेव ठरते. नवऱ्याला एकट्याच्या सहीने ती मोडता येत नाही.

नव्या कचेरीचाही स्वतंत्र कारभार असतो. तेथे वयाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय तपासणी हे सारे पुन्हा आले. अर्ज केला आणि पहिला हप्ता भरला म्हणजे विमा झाला, ही समजूत तर फारच घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिलेला एक खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एका गृहस्थांनी २७ डिसेंबर १९६० रोजी पन्नास हजार रुपयांच्या विम्यासाठी अर्ज केला. वैद्यकीय तपासणीही झाली. हप्त्यापोटी दिलेल्या दोन धनादेशांपैकी दुसरा ११ जानेवारी १९६१ रोजी वटला. दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ वारले. न्यायालयाने ठरवले की, हप्ता घेणे आणि गप्प राहणे म्हणजे स्वीकृती नव्हे. स्वीकृती कळवलेली नव्हती, म्हणून करारही झाला नव्हता. अवघ्या सोळा दिवसांचा हा प्रश्न, आणि निकाल लागला तेवीस वर्षांनी!

समजा, नवी पॉलिसी हाती आली. तरी जुन्या पॉलिसीने वर्षांच्या बळावर मिळवलेली एक गोष्ट आपण गमावलेलीच असते. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, अर्जात खोटी किंवा अपुरी माहिती दिली होती या कारणावरून कंपनीला ती अमान्य करता येत नाही. नव्या पॉलिसीत ही तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. वय वाढलेले असते, म्हणून त्याच रकमेच्या विम्याचा दरही सहसा चढलेला असतो.

मग करावे काय? क्रम सांभाळावा. आधी नवा विमा घ्यावा, मग जुना सोडावा. याच्या उलट कधीही करू नये. नवी पॉलिसी प्रत्यक्ष हाती येईपर्यंत जुन्याचे हप्ते चालू ठेवावेत. ओढ लागली तर सवलतीचे दिवस असतात : मासिक हप्त्याला पंधरा, वार्षिक वा सहामाही हप्त्याला तीस, त्या काळात विमा चालू राहतो. नवी पॉलिसी आल्यावर सोबतची अर्जाची प्रत ओळीने वाचावी. आजार लपवला गेला असेल, जन्मतारीख चुकली असेल, तर लगेच लेखी कळवावे. पसंत नसेल तर ती तीस दिवसांत परत करता येते. ही मुदत संपेपर्यंत जुनी मोडण्याची घाई करू नये. सही, नाव, बँकखाते, बँकेकडील हक्क यांची दुरुस्ती सरेंडरचा अर्ज देण्यापूर्वीच उरकावी, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का व तारीख असलेली पोच घ्यावी. त्यातूनही काम अडले, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याच्या कचेऱ्या मुंबईत आणि पुण्यात आहेत. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : बदल खरोखर हवा आहे का? हप्ता झेपत नसेल, तर पुरेसे हप्ते भरलेली पारंपरिक पॉलिसी ‘पेड-अप’ करून ठेवता येते. विम्याची रक्कम कमी होते, पण शून्य होत नाही. नव्या पॉलिसीवर एजंटाला कमिशन मिळते, जुनी सांभाळण्यात त्याला तेवढा लाभ नसतो, हेही सल्ला ऐकताना विसरू नये. विमा आपण आपल्यासाठी घेत नाही. आपल्या पश्चात ज्यांना त्या कागदाचा आधार घ्यावा लागेल, त्यांच्यासाठी घेतो. तेव्हा सही करण्यापूर्वी त्यांना शेजारी बसवून हे सारे समजावून सांगावे. कोणता कागद कोठे आहे आणि कोणता अजून यावयाचा आहे, हे त्यांना ठाऊक असणे हीसुद्धा विम्याचीच एक बाजू आहे.