सौर बंब घेण्याआधी छतावर चढा

डिसेंबर लागला की उत्तर नागपूरच्या आमच्या वस्तीत पहाटे साडेचारला दिवे लागतात. कोणाची कारखान्यात पहिली पाळी, कोणाला धुण्याभांड्याची चार घरे गाठायची, पोरांची शाळा सातची. नागपूरची थंडी थोडे दिवस राहते, पण राहते तेव्हा हाडात शिरते. २९ डिसेंबर २०१८ ला येथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे कोणी गॅसवर गुंड चढवतो, कोणी अंगणातल्या चुलीत पऱ्हाट्या जाळतो आणि बहुतेक जण बादलीत रॉड सोडून मोकळे होतात.

या रॉडने मागच्या हिवाळ्यात आमच्या काळजाचे पाणी केले. पाणी तापले की नाही हे पाहायला आमच्या मायने बटन बंद न करताच बादलीत हात घातला. शॉक बसून ती मागे फेकली गेली. पायात रबरी चपला होत्या, म्हणून निभावले. त्याच दिवशी आम्ही ठरवले, घरात सौर बंब आणायचा.

पुढच्याच रविवारी एक विक्रेता वस्तीत आला. "साहेब, तेवीस हजार भरा, अर्धे सरकार परत देते," असे त्याचे म्हणणे. आमच्या सहचारिणीला नुकतीच भिशी लागली होती. पैसे हातात होते, पण तिने आधी विचारले, "भाऊ, कागद दाखवा." कागद निघाला प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा. ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि तिचे अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या बंबाला नाही. बंबाला केंद्र सरकारचे अनुदान होते, ते २०१४ साली बंद झाले. विक्रेता गेला तो परत आला नाही. तो कागद न बघता सही केली असती, तर परताव्याची वाट पाहत बसलो असतो.

आम्ही पडलो कारकून. हिशेब जुळल्याशिवाय सही करायची नाही ही सवय. म्हणून टेप आणि विजेची बिले घेऊन आम्ही आधी आपल्या आणि मग शेजाऱ्यांच्या छतावर चढलो. वाचक बंधू-भगिनींनो, तिथे जे उमगले ते तुमच्याही कामाचे आहे.

पहिली गोष्ट छताची. शंभर लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन शंभर किलो होते, वर लोखंडी सांगाडा वेगळा. स्लॅबला ते पेलते, टिनाला किंवा कवेलूला पेलत नाही. बंबाचे तोंड दक्षिणेला लागते, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. दक्षिणेला शेजाऱ्याचा दुमजली वाडा असेल, तर उन्हाळ्यात न दिसणारी सावली डिसेंबरात नेमकी बंबावर पडेल. म्हणून ऊन डिसेंबरातच बघावे, सकाळी दहा ते दुपारी तीन. आणि थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा उंचावर हवी, नाहीतर त्यात पाणीच चढत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बंब दोन जातींचे. एकात काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या बारीक नळ्या असतात. दुसऱ्यात दुहेरी काचेच्या नळ्या असतात. दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे थर्मासप्रमाणे ऊब आत टिकते. दोन्हींत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते, मोटर लागत नाही, वीज गेली तरी काम चालू. निवड करायची ती पाणी पाहून. तुमच्या रॉडवर पांढरी पापडी धरत असेल तर पाणी जड आहे. बोअरचे पाणी बहुधा तसेच असते. ते तांब्याच्या बारीक नळ्या हळूहळू बुजवते. अशा घरी काचेच्या नळ्या बऱ्या, पण त्याही वर्षातून एकदा धुवाव्या लागतात, टाकीतला गाळ काढावा लागतो. काच फुटते हेही लक्षात असू द्या. आपल्याकडे वानरे आहेत आणि गारपीटही होते.

तिसरी गोष्ट पैशाची. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे तीन युनिट वीज लागते. तुमच्या बिलाची रक्कम भागिले युनिट केली की एका युनिटचा भाव निघतो. तो दहा रुपये धरला तर दिवसाला तीस रुपये. नागपुरात गरम पाणी मुख्यतः चार महिने लागते, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. तेवीस हजारांचा बंब फिटायला जवळजवळ साडेसहा वर्षे. विक्रेते दोन-तीन वर्षांत फिटतो म्हणतात, तेव्हा ते बाराही महिने वापर धरतात. आपल्या उन्हाळ्यात तर छतावरच्या साध्या टाकीचेच पाणी चटका देते, आणि पावसाळ्यात ढगांमुळे बंब थंड पडतो.

आमच्या घरी सहा माणसे, स्लॅब आहे, दक्षिण मोकळी आहे आणि मायच्या हाताचा तो शॉक कोणत्याच हिशेबात मांडता येत नाही. आम्ही काचेच्या नळ्यांचा बंब घेतला. माणशी पंचवीस लिटर गरम पाणी धरले तर शंभर लिटर चौघांना पुरते, म्हणून आम्ही दोघे संध्याकाळी अंघोळ करतो.

पण गल्लीतल्या एका ताईंना आम्ही नको म्हणालो. तीन माणसांचे भाड्याचे टिनाचे घर, वापर निम्मा. पैसे फिटायला तेरा वर्षे लागली असती, आणि उद्या घर सोडावे लागले तर बंब कुठे नेणार? त्यांनी अंगणात काळा रंग दिलेला पत्र्याचा ड्रम उन्हात ठेवला. दुपारी कामावरून आल्यावर त्यातले कोमट पाणी मिळते. पहाटेसाठी रॉड आहे, पण आयएसआय शिक्क्याचा, अर्थिंगच्या बोर्डावर, आणि आधी बटन बंद, मग पिन बाहेर, त्यानंतरच पाण्यात हात.

बंब घ्यायचाच असेल तर टाकीची हमी किती वर्षांची, नळजोडणीचा खर्च किमतीत धरला की वेगळा, नळी फुटली तर कोण बदलणार, हे सारे पावतीवर लिहून घ्या. तोंडी हमी पावसाळ्यातल्या उन्हासारखी असते. आणि सही करण्याआधी घरातल्या बाईला विचारा. पहाटे साडेचारला उठते ती तीच.