आभासी टर्मिनल: दूरच्या संगणकाशी संवाद

दूरच्या संगणकावर काम करताना समोर असते ती नुसती काळी खिडकी. तिथे दिलेल्या आज्ञा पलीकडच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतात त्या आभासी टर्मिनलमधून, म्हणजेच स्यूडो-टर्मिनलमधून.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या किंवा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संशोधकाला पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर खाते मिळाले, असे धरू. तिथे जाण्याची वाट एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रणालीची. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. पुण्याच्या बाजूला ‘एसएसएचडी’ हा डीमन, म्हणजे पडद्याआड अखंड चालणारा प्रोग्राम, सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणीची वाट पाहत असतो.

ओळख पटली की डीमन कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, आभासी टर्मिनल मागतो. त्याला दोन टोके असतात: मास्टर आणि स्लेव्ह. मास्टर डीमनकडे राहते. मग ‘फोर्क’ने डीमनची प्रत असलेली एक चाइल्ड प्रोसेस जन्माला येते. ती नवे सेशन उघडते, स्लेव्हला आपले टर्मिनल करते, इनपुट, आउटपुट आणि एरर या तिन्ही वाटा त्याला जोडते आणि ‘एक्झेक’ करून स्वतःच्या जागी शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणारा प्रोग्राम, आणते.

एवढा खटाटोप न करता साधा पाइप का जोडत नाहीत? पाइप नुसत्या बाइट वाहून नेतो. टर्मिनलमागे मात्र कर्नलमधली ‘लाइन डिसिप्लिन’ असते. तिची घडण टेलिटाइप यंत्रांच्या काळातली. जळगावात कंट्रोल-सी दाबले की पुण्याला जाते ती ३ या मूल्याची एकच बाइट. डीमनला तिचा अर्थ ठाऊक नसतो, तो ती मास्टरमध्ये लिहून मोकळा होतो. लाइन डिसिप्लिन ती ओळखते आणि चालू प्रोग्रामला थांबण्याचा सिग्नल देते. कामाची ही वाटणी फार देखणी आहे. शिवाय पाइप दिसला की बरेच प्रोग्राम आउटपुट साठवून ठेवतात. टर्मिनल दिसले की ओळ पूर्ण होताच ती पुढे पाठवतात. टाइप केलेले अक्षरही सहसा पुण्याहून परत आल्यावरच पडद्यावर उमटते. नेट मंद असले की ते अडखळते ते यामुळेच.

खरी अडचण येते जोडणी तुटल्यावर. लाइट गेली, राउटर बंद पडला, तर डीमनला ते लगेच कळत नाही. कळले की तो मास्टर बंद करतो. त्याबरोबर कर्नल शेलला ‘हँगअप’ सिग्नल पाठवतो आणि सहसा शेलबरोबर त्यातले चालू कामही संपते. तासन्‌तास चाललेले गणित असे वाया जाते.

‘टीमक्स’ हा प्रोग्राम यावर चांगला उपाय आहे. तो दूरच्या संगणकावर स्वतःचे वेगळे आभासी टर्मिनल उघडतो आणि त्याचे मास्टर टोक आपल्याच सर्व्हरकडे ठेवतो. एसएसएच तुटले तरी ते टोक उघडेच राहते आणि पुन्हा लॉगिन केल्यावर काम जिथल्या तिथे सापडते. महासंगणकावरची मोठी गणिते जॉब शेड्युलरकडेच, म्हणजे कामे पाळीने चालवणाऱ्या व्यवस्थेकडेच, सोपवावीत. बाकीच्या लांबणाऱ्या कामांसाठी लॉगिन होताच आधी टीमक्स सुरू करावे.