लॉ सीईटी : पारावरचं ऐकीव आणि नियमातलं खरं

जुन्नर-आंबेगावात कायद्याशी कधीच संबंध आला नाही, असं घर शोधून काढावं लागेल. कुणाची जमीन डिंभे किंवा माणिकडोह धरणाखाली गेली, कुणाचा बांधाचा दावा घोडेगावच्या कोर्टात चालू आहे, कुणाचा वनहक्काचा अर्ज अडकला आहे, तर कुणी बिबट्याने मारलेल्या शेळ्यांच्या भरपाईसाठी खेटे घालतं आहे. घरात एक तरी वकील असावा, ही इच्छा इथे जुनीच आहे. पण प्रवेश कसा मिळतो हे विचारलं, की मंचरच्या एसटी स्टँडवर एक उत्तर मिळतं आणि नारायणगावच्या बाजारात दुसरं. परीक्षा अभ्यासाने जमते. चुकीच्या माहितीवर गेलेलं वर्ष मात्र परत मिळत नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे समज नियमांशी ताडून पाहू.

गैरसमज : वकिलीला कला शाखा आणि इंग्रजी माध्यम लागतं.

वस्तुस्थिती : शाखेची अट नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी. किमान गुण खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, देता येते. राज्याच्या सीईटीचा पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो. इंग्रजी भाषेचे प्रश्न अर्थातच इंग्रजीत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली आहे. तरीही उच्च न्यायालयाचं काम आणि बहुतेक निकालपत्रं इंग्रजीत असतात. इंग्रजी बोलता आलं नाही तरी प्रवेश अडत नाही. वाचण्याची सवय मात्र आजपासून लावायला हवी.

गैरसमज : बारावीला ऐंशीच्या पुढे नसतील तर चांगलं कॉलेज विसरा.

वस्तुस्थिती : बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांनी फक्त पात्रता ठरते. गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. ओतूरच्या, जुन्नरच्या किंवा मंचरच्या कॉलेजातून पन्नास-पंचावन्न टक्क्यांनी बाहेर पडलेल्या मुलीलाही पुण्याच्या आयएलएसचं दार सीईटीमुळे उघडू शकतं.

गैरसमज : सीईटी म्हणजे कलमं पाठ करणं.

वस्तुस्थिती : २०२५ पासून दोन्ही अभ्यासक्रमांच्या सीईटीत १२० प्रश्न, १२० गुण आणि दोन तास असा आराखडा आहे. पाच वर्षांच्या परीक्षेत कायदेविषयक कल आणि तर्क यांवर ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेवर ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींवर २४, इंग्रजीवर २४ आणि प्राथमिक गणितावर ८ प्रश्न. तीन वर्षांच्या परीक्षेत एकट्या इंग्रजीचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३२, उरलेल्या दोन विभागांचे, म्हणजे कायदा आणि तर्क यांचे, प्रत्येकी २४. म्हणजे पदवीधराने इंग्रजी बाजूला ठेवलं तर एक तृतीयांश पेपर सोडल्यासारखं होईल.

कायद्याच्या विभागात राज्यघटना आणि कायद्यातल्या संज्ञांची तोंडओळख लागते. शिवाय तर्काचे प्रश्न असतात, त्यांचा घाट साधारण असा : नियम दिला की, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं म्हणजे अतिक्रमण, मग ते चुकून का होईना. प्रसंग दिला की, अंधारात बांध न दिसल्याने शिवराम शेजाऱ्याच्या टोमॅटोत शिरला. शिवराम दोषी का? गावात आपण म्हणू, जाऊ द्या, मुद्दाम नाही केलं. पेपरात मात्र दिलेला नियमच लावायचा, म्हणून उत्तर ‘होय’. स्वतःचं मत बाजूला ठेवून समोरचा नियम लावता येतो का, याची ही चाचणी आहे.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं स्वस्तात आणणाऱ्यांनी छपाईचं साल पाहावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ कलम आता १०३ झालं आहे आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं ४२० आता ३१८ मध्ये आहे.

गैरसमज : उत्तर चुकलं तर गुण कापतात, म्हणून शंका असेल तो प्रश्न सोडावा.

वस्तुस्थिती : राज्याच्या लॉ सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नये. गुण कापतात ते राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ परीक्षेत, प्रत्येक चुकीला पाव गुण.

गैरसमज : एक परीक्षा दिली की सगळी कॉलेजं मिळतात.

वस्तुस्थिती : राज्य सीईटी कक्षाची परीक्षा पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय अशा राज्यातल्या कॉलेजांसाठी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना ‘क्लॅट’ लागते. तो पेपर इंग्रजीतच असतो आणि अलीकडे डिसेंबरात होतो. बारावीची परीक्षा संपल्यावर चौकशी केली तर ती संधी गेलेली असते. पुण्याच्या सिंबायोसिसची परीक्षा आणखी वेगळी. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची सीईटीसुद्धा दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. अर्ज भरताना हा घोळ टाळा.

गैरसमज : गुण चांगले पडले की कॉलेजातून बोलावणं येतं.

वस्तुस्थिती : कुणी बोलावत नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे ‘कॅप’साठी, वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रं चढवून तपासून घ्यावी लागतात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पसंतीक्रम आपल्या इच्छेप्रमाणे लावावा. ‘तिथे आपला नंबर लागणार नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलण्यात काही फायदा नसतो. ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

गैरसमज : दाखले काय, नंबर लागल्यावर काढू.

वस्तुस्थिती : आपल्या भागात सगळ्यात महाग पडणारा समज हाच. जातीचा दाखला आणि जात पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींची पडताळणी स्वतंत्र समिती करते. भीमाशंकरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी मुलामुलींना त्यासाठी वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, जुन्या महसुली नोंदी आणि नात्यातल्या कुणाची वैधता असेल तर ती, असं सगळं गोळा करावं लागतं. यात महिने जातात, म्हणून अकरावीतच सुरुवात करावी. इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमीलेयर दाखला लागतो. तो ठरावीक मुदतीपुरताच चालतो आणि सहीसाठी मंचरच्या प्रांत कार्यालयात जातो. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवरच्या नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तोही आताच दुरुस्त करून घ्या. सुट्टी संपत आली की सेतू केंद्रातली रांग वाढते, पोर्टलची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही.

गैरसमज : मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही आणि वय झालं की प्रवेश नाही.

वस्तुस्थिती : दहावी-बारावी रीतसर करून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर ती चालते. बारावी न करता थेट पदवीला बसलेल्यांना मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रवेश नाही. वयाच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. चाळिशीतला शिक्षक किंवा ग्रामसेवकही सीईटीला बसू शकतो.

गैरसमज : एलएलबी घरबसल्या होते.

वस्तुस्थिती : पत्रद्वारे किंवा दूरशिक्षणाने केलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा नियम आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने रजा, एसटीचा वेळ आणि चाकणच्या कोंडीचा हिशेब आधी मांडावा.

गैरसमज : वकिली हे पैसेवाल्यांचं शिक्षण.

वस्तुस्थिती : अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटी पोर्टलवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण हा लाभ केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळतो. व्यवस्थापन कोट्याला नाही. आदिवासी विद्यार्थ्यांनी वसतिगृह आणि ‘स्वयम्’ योजनेची चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

गैरसमज : पदवी हातात आली की काळा कोट अंगावर.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, दोन्ही लागतात. नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. थेट न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे २०२५ चा निकालही माहीत असावा : दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे.

यातला कुठलाही नियम पुढच्या वर्षी बदलू शकतो. प्रश्नांची संख्या तर २०२५ मध्येच १५० वरून १२० झाली. म्हणून दर वर्षी सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा, पेन्सिलीने खुणा करून. समोरचा काय सांगतो यापेक्षा मूळ कागदावर काय लिहिलं आहे ते पाहणं, हीच पुढे जन्मभर करायची वकिली आहे.